पर्जन्यमापक लॉगर, प्रगती नोंद ४: ‘राइट’चं उत्तर म्हणजे पोचपावती नव्हे

जोडणी मागच्या नोंदीतलीच: कोथरूडच्या गच्चीवर टिपिंग बकेट पर्जन्यमापक (एक टिप म्हणजे ०.२ मिमी), त्याखाली रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), आणि सिंहगड रोडवर लिनक्स सर्व्हर. तपकीर गल्लीतून (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून) नवीन काही आणावं लागलं नाही. या खेपेचं सगळं काम नोंद फाइलमध्ये उतरते आणि सॉकेटमधून (सर्व्हरशी असलेल्या नेटवर्क जोडणीतून) निघते त्या दोन जागांवर झालं.

नोंद ४८ बाइटची आहे. पहिल्या ४४ बाइटांत अनुक्रमांक, वेळ, टिपा, तापमान वगैरे, शेवटच्या ४ मध्ये सीआरसी-३२ (नोंद बिघडली तर कळावं म्हणून काढलेला तपासणी आकडा). मिनिटाला एक नोंद, म्हणजे दिवसाला १,४४० नोंदी आणि ६९,१२० बाइट. फाइल रोज सकाळी ८:३० ला बदलते, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवस तेव्हा संपतो आणि त्यांच्या शिवाजीनगर केंद्राच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहायचा तर दिवस तोच हवा.

जुन्या कोडमध्ये ‘राइट’चं (बाइट लिहायला कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणाऱ्या कॉलचं) उत्तर फक्त उणे एक, म्हणजे चूक, आहे का, एवढंच तपासलं जात होतं. ते अपुरं आहे. राइट परत देतो ती कर्नलने घेतलेल्या बाइटांची संख्या, आणि ती मागितल्यापेक्षा कमी असू शकते. स्थानिक डिस्कवरच्या साध्या फाइलमध्ये असं क्वचित होतं, पण जागा संपताना हमखास होतं. हे मुद्दाम घडवून पाहायचं तर ६४ केबीचं टीएमपीएफएस (मेमरीतच राहणारी फाइल सिस्टिम) माउंट करा. ६५,५३६ बाइटांत १,३६५ पूर्ण नोंदी बसतात आणि १६ बाइट उरतात. १,३६६ वा राइट चूक दाखवत नाही, निमूटपणे १६ परत देतो. ‘ईनोस्पीसी’ (जागा संपल्याची चूक) येतो तो पुढच्या कॉलला. जुना कोड या १६ ला यश समजायचा. मग जागा मोकळी झाली की पुढची नोंद त्या अर्धवट तुकड्याला चिकटायची आणि तिथून खालची प्रत्येक नोंद सरकलेली वाचली जायची.

आता राइट वळशात (लूपमध्ये) आहे: जितके गेले तितके पुढे सरका, ‘ईइंटर’ (सिग्नलमुळे कॉल मध्येच तुटला) आला तर पुन्हा प्रयत्न करा, दुसरी कुठलीही चूक आली तर ‘एफट्रंकेट’ने फाइल नोंदीच्या सुरुवातीपर्यंत मागे आणा. प्रोग्राम सुरू होतानाही फाइलच्या लांबीला ४८ ने भागून बाकी कापली जाते. नुसती ‘ईनोस्पीसी’ हाताळणी तपासायची असेल तर ‘/डेव्ह/फुल’ (कायम भरलेली असल्याचं सांगणारी खास फाइल) पुरतं, पण तिथे अर्धवट राइट कधीच मिळत नाही. त्यासाठी टीएमपीएफएसच हवं.

कॅलिब्रेशनचा वेगळा प्रोग्रामही याच फाइलमध्ये लिहितो, म्हणून फाइल ‘ओ_अपेंड’ने उघडली आहे. शेवट गाठणं आणि लिहिणं त्याने एकाच पायरीत होतं. मात्र राइट अर्धवट झाला तर उरलेला भाग दुसऱ्या कॉलमध्ये जातो आणि मधल्या फटीत दुसरा प्रोग्राम घुसू शकतो. म्हणून संपूर्ण वळशाभोवती ‘एफलॉक’ (फाइलवरचं कुलूप) घेतला. आणखी एक लक्षात ठेवा: लिनक्सवर ओ_अपेंड असताना ‘पीराइट’ला (ठरावीक जागी लिहिणाऱ्या कॉलला) दिलेली जागा पाळली जात नाही, डेटा शेवटीच जातो.

आता वीज. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद होतो हे पुण्यात कुणाला सांगायला नको. राइट यशस्वी झाला म्हणजे बाइट कर्नलच्या पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या पानांवर) पडले, पायच्या एसडी कार्डावर नव्हे. नेहमीच्या सेटिंगला कर्नल दर ५ सेकंदांनी फेरी मारतो आणि ३० सेकंदांहून जुनी पानं कार्डाकडे पाठवतो. त्याआधी वीज गेली की ती नोंद गेली. खात्री हवी तर ‘एफडेटासिंक’ (फाइलचा डेटा लगेच कार्डावर उतरवणारा कॉल) करावाच लागतो. फाइल वाढली असेल तर नवी लांबीही तो उतरवतो, त्यामुळे इथे पूर्ण ‘एफसिंक’ची गरज नाही. नवी फाइल बनवल्यावर मात्र तिच्या डिरेक्टरीवरही एफसिंक करा, नाहीतर आतला डेटा कार्डावर असून फाइलचं नावच नसेल.

दर मिनिटाला सिंक केला तर एसडी कार्डाची झीज वाढते. ठरवलं ते असं: त्या मिनिटात एक जरी टिप पडली असेल तर लगेच सिंक, कोरडं असेल तर दर १० मिनिटांनी. कोरडी नऊ मिनिटं गेली तर फार बिघडत नाही. पावसाचं एक मिनिट जायला नको.

सिंकच चुकला तर? ‘ईआयओ’ (कार्डावर लिहिता न आल्याची चूक) आल्यावर तोच एफसिंक पुन्हा करून यश मिळालं तर त्यावर विसंबू नका. कर्नल ती पानं स्वच्छ झाली असं धरून चालतो, म्हणून दुसरा कॉल काहीही न लिहिता शून्य देऊ शकतो. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या मंडळींना हेच भोवलं होतं. आपल्याकडे सिंक न झालेल्या नोंदी मेमरीत राखून ठेवतो आणि ईआयओ आला की नवी फाइल उघडून त्या पुन्हा लिहितो. एसट्रेस या कॉल तपासण्याच्या साधनातल्या, मुद्दाम चूक घुसवणाऱ्या इंजेक्ट सोयीने तिसऱ्या एफडेटासिंकला ईआयओ देऊन ही वाट तपासली.

सीआरसी का, साधी बेरीज का नाही, याचं कारणही इथेच आहे. वीज गेल्यावर फाइलच्या शेवटी कधी नुसती शून्यं सापडतात. बेरीज शून्यांची शून्यच, म्हणजे अशी नोंद खरी ठरते. सीआरसी-३२ मध्ये ४४ शून्य बाइटांचं उत्तर शून्य येत नाही, त्यामुळे ती लगेच पकडली जाते.

सॉकेटच्या बाजूला राइट काढून ‘सेंड’ घातला, तो ‘एमएसजी_नोसिग्नल’साठी. पलीकडचं टोक बंद असताना लिहिलं तर ‘सिगपाइप’ हा सिग्नल येतो आणि प्रोग्राम लॉगमध्ये एक ओळही न टाकता मरतो. एमएसजी_नोसिग्नल हा झेंडा (फ्लॅग) लावला की मरण्याऐवजी ‘ईपाइप’ ही चूक मिळते. पण ती सहसा दुसऱ्या सेंडला मिळते. सर्व्हर बंद झाल्यानंतरचा पहिला सेंड ४८ परत देतो, कारण तेव्हा पलीकडून नकार यायचा असतो. ती नोंद हरवते.

राउटरची वीज गेली तर याहून वाईट. तेव्हा नकारही येत नाही. बफर भरेपर्यंत सेंड यशस्वीच होत राहतो, आणि लिनक्सची पुन्हा पाठवण्याची मूळ मर्यादा तशीच ठेवली तर कनेक्शन मेल्याचं कळायला १५ मिनिटांहून जास्त लागतात. सॉकेटची ‘टीसीपी_यूजर_टाइमआउट’ ही सेटिंग ६०,००० मिलिसेकंद ठेवल्यावर ते सुमारे मिनिटावर आलं.

तरीही पत्र पेटीत पडलं, एवढंच सेंड सांगतो. खरी पोचपावती प्रोग्रामलाच द्यावी लागते: सर्व्हर नोंद स्वतःच्या डिस्कवर सिंक करतो आणि मगच अनुक्रमांक परत पाठवतो. तो येईपर्यंत आपण नोंद रांगेत ठेवतो, कनेक्शन तुटलं तर पुन्हा पाठवतो. दुबार आलेला अनुक्रमांक सर्व्हर टाकून देतो.

याच जागी एक खाच होती. समजा ८१२ क्रमांकाची नोंद सर्व्हरला पोचली, पण पायवर सिंक व्हायच्या आत वीज गेली. पाय उठल्यावर फाइलमध्ये शेवटचा क्रमांक ८१० दिसतो, मोजणी ८११ पासून सुरू होते, आणि नवी ८१२ सर्व्हर दुबार म्हणून फेकतो. उपाय सोपा आहे: स्थानिक सिंक झालेलीच नोंद सॉकेटवर जाईल. त्यामुळे कोरड्या दिवसात सर्व्हरला दहा-दहाचे गठ्ठे मिळतात.

‘पोल’मध्ये (सॉकेटवर काही घडेपर्यंत थांबणाऱ्या कॉलमध्ये) ‘पोलआउट’, म्हणजे ‘लिहायला जागा झाली की सांग’, फक्त रांगेत काही अडकलं असेल तेव्हाच मागा. सॉकेट बहुतेक वेळ लिहायला तयारच असतो. कायम मागितलं तर पोल लगेच परत येतो आणि एक कोर पूर्ण वेळ गुंततो.

फाइल बंद करणाऱ्या ‘क्लोज’ला ईइंटर आला तर लिनक्सवर तो पुन्हा बोलवू नका. डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) तेव्हाच सुटलेला असतो आणि तोच क्रमांक दुसऱ्या थ्रेडच्या फाइलला मिळालेला असू शकतो.

बाकी आहे ते सकाळी ८:३० ची फाइल-बदली कॅलिब्रेशन चालू असताना तपासणं. जुन्या फाइलवरचा एफलॉक नव्या फाइलला लागू होत नाही, म्हणून कुलूप वेगळ्या कायमच्या फाइलवर हलवायचं आहे.