तुम्ही विचारलंत म्हणून: दारात गाडी असून बसने का?

"दारात गाडी उभी असताना बसने का धक्के खाता?" सोसायटीत, ऑफिसात, लग्नकार्यात हा प्रश्न मला ठरलेला. पर्यावरणासाठी, असं म्हटलं की लोक कौतुकाने मान डोलावतात आणि जेवणाच्या रांगेकडे वळतात. खरं कारण एवढं थोर नाही. राहतो नाशिकच्या सिडकोत, नोकरी नाशिकरोडला, आणि वाटेतल्या द्वारका चौकातल्या कोंडीत क्लच दाबून बसायचा मला कंटाळा आलाय. बसही तिथेच अडकते, मान्य. पण अडकलेल्या बसमध्ये पेपर वाचून होतो.

शहर बस जुलै २०२१ पासून महापालिकेकडे आली, सिटीलिंक नावाने. बहुतेक गाड्या सीएनजीच्या. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बदलायची, की सारडा सर्कल, द्वारका, उपनगर, दत्तमंदिर करत नाशिकरोडचं बिटको. बसची माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती घरापासून स्टॉपपर्यंतच्या चालण्याची.

फूटपाथवर आधी विजेची डीपी, पुढे वडापावची गाडी, मग कुणीतरी आडवी लावलेली ॲक्टिव्हा. पावसाळ्यात सुट्या झालेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय पडला की खालचं गढूळ पाणी थेट पँटवर. आणि प्रत्येक बंगल्याच्या गेटपाशी फूटपाथ संपतो, पलीकडे पुन्हा ढोपरभर चढ. माझ्या आईला बस आवडते, खिडकीची सीट मिळाली तर फारच. तरी ती बसने जात नाही. गुडघ्यांना ही चढउतार झेपत नाही, म्हणून दारातून रिक्षा.

अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा स्मार्ट रोड बघा. जेमतेम १.१ किलोमीटर. काम रखडलं तेव्हा आपण सगळ्यांनीच शिव्या घातल्या, पण तिथे आई माझ्या आधाराशिवाय चालते. (सायकल ट्रॅकवर गाड्या लागतात, तो विषय वेगळा.) असे रस्ते सिडको-सातपूरच्या आतल्या भागात हवेत, जिथून लोक स्टॉपवर येतात.

२०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. रबरी टायर, डोक्यावर विजेची तार. धावलीच तर मीही बसेन. पण तिच्या स्टेशनपर्यंतही आधी चालतच जायचंय.

आणि रात्री उशीर झाला तर? तर बिटकोवरून शेअर रिक्षा. बहुतेक वेळा ड्रायव्हरशेजारची अर्धी सीट मिळते.