प्राग, पायी पायी

आज प्राग पायी पाहिलं. गाइड नाही, ग्रुप नाही, फक्त हातात नकाशा. पावडर टॉवर या जुन्या वेशीपासून निघाले, कारण बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रदेशातल्या जुन्या राज्याच्या) राजांची राज्याभिषेकाची मिरवणूक इथूनच किल्ल्याकडे जायची. मीही तोच रस्ता धरला.

जुन्या शहराच्या चौकात, टाउन हॉलवरच्या १४१०च्या खगोलीय घड्याळासमोर तोबा गर्दी! तास पडला की वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती सरकतात. छानच आहे ते. पण माझा पाय अडला तो त्याच इमारतीच्या पूर्वेकडच्या भिंतीपाशी. तिथल्या फरसबंदीत २७ पांढरे क्रूस बसवलेत. हॅब्सबर्ग या ऑस्ट्रियन राजघराण्याच्या सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या २७ जणांना २१ जून १६२१ रोजी याच चौकात मारलं. भिंतीवर त्यांची नावं कोरली आहेत. मी ती एकेक करून वाचली. लोक त्या क्रुसांवरून सरळ चालत जातात, याचं फार वाईट वाटलं. कुणी गेलात तर घड्याळ बघून लगेच वळू नका, कोपऱ्यापलीकडे जा.

पुढे चार्ल्स पूल. पायाभरणी १३५७ची, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे. सेंट जॉन ऑफ नेपोमुक या चेक संताच्या पुतळ्याखालची ब्राँझची चित्रं, शुभ मानून लोकांनी हात लावून लावून, सोन्यासारखी चकाकतायत. मीही हात लावला, मनापासून.

किल्ल्याची चढण दमवते, पण सेंट व्हायटस कॅथीड्रल चुकवू नका. १३४४ला सुरू झालेलं काम पुरं झालं १९२९ला! आत रंगीत काचांमधून ऊन येतं तेव्हा मान खाली घ्यावीशीच वाटत नाही.

सगळीकडे दगडी फरशी आहे, तेव्हा बूट चांगले घाला. पिंकास सिनेगॉग (ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ)ही पाहायचं असेल तर शनिवार टाळा, बंद असतं.