100 टक्क्यांच्या वर

"ताई, लसीकरण 100 टक्क्यांच्या वर कसं काय?" घोडबंदर रोडजवळच्या एका आरोग्य केंद्रात आज नव्या डेटा ऑपरेटरने विचारलं. नर्सताईंनी रजिस्टरमधून मानही वर केली नाही. "मुलं खरी आहेत रे. अंदाज जुना आहे."

बरोबरच होतं. टोचलेली मुलं रजिस्टरमधून मोजतात. भागतात मात्र अपेक्षित मुलांच्या आकड्याने, आणि तो सहसा 2011 च्या जनगणनेवरून पुढे ओढलेला. तेव्हापासून इथे किती टॉवर उभे राहिले, कोणालाही विचारा. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या तर त्या गणतीत नव्हत्याच.

मग ताईंनीच दोन रकाने दाखवले: पेंटाव्हॅलेंटचा (पाच आजारांवरची एकत्र लस) पहिला डोस आणि तिसरा. जन्मानंतर सहाव्या आठवड्यात पहिल्या डोसला आलेल्यांपैकी चौदाव्या आठवड्याला तिसऱ्यासाठी किती परतली? इथे लोकसंख्येचा अंदाज लागतच नाही.

"साइट संपली की आईबाप भिवंडीला. पोर गळालं."

मीटिंगमध्ये झळकतो तो 100 टक्क्यांच्या वरचाच आकडा, हिरव्या रंगात. (डॅशबोर्डला हिरवा फार आवडतो.) तुमच्या भागात ही गळती कुणी विचारतं का?