भाडं ११२ रुपये

शनिवार, रात्री पावणेअकरा

मालकाचा माणूस आज भाड्याची पावती घेऊन आला. ११२ रुपये. "ताई, यात आमचं येण्याजाण्याचंसुद्धा निघत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. खोटं नाही ते. या भाड्यात मालक जिन्याला साधा चुनासुद्धा लावणार नाही. मधल्या गॅलरीला म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने लावलेले टेकू आता घरचेच झालेत, त्यांच्यावर दोऱ्या बांधून आम्ही कपडे वाळत घालतो. या वेळी पावतीसोबत जाड लिफाफाही होता. पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा.

१९८२च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बाबांचा पगार थांबला, तो कायमचाच. तेव्हा या खोलीचं भाडं ४० रुपये होतं. आई मिरची गल्लीत मिरच्यांची देठं खुडायला जायची. रात्री हाताची आग व्हायची, म्हणून खोबरेल चोळून बसायची, आणि मला जवळ घ्यायची नाही, माझ्या डोळ्यांना हात लागेल म्हणून. त्या पैशांत घर चाललं नाही, पण भाडं गेलं. भाडं गेलं म्हणून आम्ही गावी गेलो नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मालकांवर अन्याय केला असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, केलाच असेल. पण दत्ता सामंतांच्या मागे उभ्या राहिलेल्या अडीच लाख कामगारांपैकी जे लालबाग-परळला टिकले, त्यातले कितीतरी या असल्या पावतीवर टिकले.

मीही त्यातलीच. तिशीत पक्की नोकरी सोडून घरी मुद्रितं तपासत बसले. त्या पैशांत मुंबईत कोणी राहू शकत नाही, मी राहिले. तळमजल्यावरच्या खोलीत एकांकिकेच्या तालमी चालतात, वरच्या मजल्यावर एक काका हार्मोनियम दुरुस्त करतात. असल्या धंद्यांवर बाहेर कोण घर देणार?

गॅलरीतून पूर्वी मिलची चिमणी दिसायची. आता तिथे टॉवर आहे. चार वाजताच आमच्या अंगावर त्याची सावली पडते, त्यामुळे पापड घालायचे तर सकाळीच. त्यांचे वॉचमन जेवायला आमच्या चाळीतल्या खानावळीत येतात, तेवढंच येणंजाणं.

शेजारच्या वहिनींना करार हवाच आहे. गुडघे गेलेत, रात्री संडासाला गॅलरीच्या टोकापर्यंत चालत जायचं, तेही पावसाळ्यात. त्यांच्यासमोर चाळीच्या आपुलकीबद्दल बोलायची मला लाज वाटते. कायद्याने ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, किमान ३०० चौरस फूट मिळतं. बिल्डर ४०० म्हणतोय. आमची खोली पोटमाळा सोडून १८०.

रात्री लाल पेन घेऊन मसुदा वाचला. सवयच ती. 'हस्तांतरण' दोन ठिकाणी चुकलंय. बांधकाम होईपर्यंत मिळणाऱ्या भाड्याचा आकडा ठळक अक्षरांत आहे. घर फुकट, हेही ठळक. मग पान अकरा. देखभाल खर्च, दरमहा रुपये, आणि पुढे रिकामी रेघ. तीन लिफ्ट, पंप, जनरेटर, पार्किंग, सगळ्यांची यादी वर आहे. रेघ मात्र कोरी. पलीकडच्या गल्लीत जी इमारत झाली, तिथे महिन्याला साडेपाच हजार येतात. कॉर्पसच्या, म्हणजे बिल्डरने दिलेल्या ठेवीच्या, व्याजातून काही वर्षं भागलं, आता खिशातून. तिथल्या दोन बिऱ्हाडांनी घर भाड्याने देऊन बदलापूर गाठलं. चाळीत होती तेव्हा त्यांना कोणी हलवू शकलं नव्हतं.

मी मार्जिनमध्ये काकपद, म्हणजे राहिलेलं भरायची खूण, काढून लिहिलं, 'आकडा भरावा'. वहिनींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझं झालं सुरू. उद्या मीटिंगमध्ये एवढंच विचार, बाकी लिफ्टबद्दल काही बोलू नकोस."

विचारेन. काकांकडून अजून हार्मोनियमचा एकच सूर येतोय, बहुधा काळी दोनची पट्टी अडकलीय. पाणी पाचला येतं, झोपायला हवं.