बुरशीचा पाऊस

परवा कपाटातनं चामड्याची चप्पल काढली तर वरती हिरवट पांढरी बुरशी, मखमल चढवल्यासारखी. फोंड्यात जुलैत यात नवीन काय म्हणा, पट्टा, पर्स, लग्नाचा आल्बम, सगळ्यालाच लागते. पण गंमत म्हणजे त्याच रात्री मोबाईलवर चिनी शिकताना (का शिकतेय विचारू नका) 'मेइ-यू' हा शब्द आला. यांगत्झी नदीच्या खालच्या खोऱ्यात जून-जुलैत जो पाऊस हलायचं नावच घेत नाही, तो हा. मेइ म्हणजे आलुबुखाराच्या जातीतलं एक आंबट फळ, ते तेव्हा पिकतं म्हणून हे नाव, आणि बुरशीलासुद्धा मेइच म्हणतात, उच्चार अगदी तोच, फक्त लिहायचं अक्षर वेगळं! त्यामुळे काही जण सरळ बुरशीचा पाऊस असंही लिहितात. म्हटलं चला, आपल्या चपलेचं दुःख कळणारं कुणीतरी आहे.

मग नादच लागला. चिनी म्हणी बहुतेक चारच अक्षरांच्या. आपल्याकडे मुसळधार, त्यांच्याकडे 'छिंग-फन दा-यू', म्हणजे घमेलं उपडं केल्यासारखा. मला विचाराल तर घमेलंच जास्त खरं, आमच्या पत्र्यावर मुसळ वगैरे काही वाटत नाही, कुणीतरी वरनं ओततंय असंच वाटतं. 'गरजेल तो पडेल काय'चा जुळा भाऊ पण आहे, गडगडाट मोठा थेंब बारीक, ती मात्र सहा अक्षरी.

सगळ्यात आवडली 'वेइ यू छौ मोउ'. पावसाआधी बांधून घेणे. अडीच हजार वर्षांहून जुन्या एका कवितेत एक पक्षीण आभाळ भरून यायच्या आत तुतीच्या मुळांची साल आणून घरट्याची दारं-खिडक्या बांधून घेते, तिथनं ही आली. वाचल्या वाचल्या मला आई आठवली, मे महिन्यात अंगणात कोकमाची सोलां वाळत घालणारी, सुके बांगडे, मिरच्या, मीठ डब्यात भरून ठेवणारी. आपलं पुरुमेंतच, म्हणजे पावसाळ्याची बेगमीच की हे!

आणि एक, सिचुआनच्या खोऱ्यात इतकं मळभ असतं की ऊन पडलं तर कुत्री सूर्यावर भुंकतात. खरं तर ही म्हण अडाणी माणसाला टोमणा म्हणून वापरतात, हवेसाठी नाही, पण रविवारी नऊ दिवसांनी ऊन आलं आणि शेजारच्या काकींचा टायगर खरंच अंगणात उभा राहून भुंकत होता. मी घाईघाईनं चप्पल, पर्स, उशा सगळं बाहेर टाकलं. वीस मिनिटं. मग घमेलं.