सिग्नलपुढचे 120 मीटर

बुधवार, रात्री उशिरा

कॉम्प्युटरवरच्या रेल्वेच्या गेममध्ये, दिवा जंक्शनवर माझ्या लोकलला आज पिवळा सिग्नल (म्हणजे ‘जपून पुढे या’) मिळाला, आणि तो मिळायला नको होता. पनवेलकडून आलेली मालगाडी समोरून आडवी जात होती, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड) तिच्यासाठी लागलेले होते, आणि माझा सिग्नल पिवळा. मी विश्वासानं गाडी पुढे काढली. सांध्यापाशी गेमनंच खेळ थांबवला. पण सिग्नल खोटं बोलला, आणि तो सिग्नल मी लिहिलेला होता. तेव्हापासून चैन नाही.

ठाणे ते कल्याण धीमा मार्ग ओपन रेल्समध्ये उभा करायचं माझं काम तीन महिने चाललंय. ओपन रेल्स हा मोफत सिम्युलेटर आहे. 2001 साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरच्या फायली तो वाचतो, त्यामुळे सिग्नलची भाषाही तीच जुनी. दोन फायली लागतात. सिग्नल दिसतो कसा, दिवे किती आणि कुठे, हे एकीत. तो वागतो कसा, हे दुसरीत. ही दुसरी म्हणजे स्क्रिप्ट. साधारण सी भाषेसारखी, फक्त तुलना करताना बरोबरच्या दोन चिन्हांना चिकटून एक हॅश द्यावा लागतो. आता तो हॅश बोटांत इतका बसलाय की ऑफिसच्या कोडमध्येही टाइप होतो.

स्क्रिप्टमधला सिग्नल गेमला मोजकेच प्रश्न विचारू शकतो. पुढचा ब्लॉक, म्हणजे पुढच्या सिग्नलपर्यंतचा पट्टा, कसा आहे? पुढचा सिग्नल काय दाखवतोय? मी लिहिलं होतं: पुढे गाडी असेल तर लाल, नाहीतर पुढच्या सिग्नलवरून रंग ठरव. वाचायला किती सरळ वाटतं! पण ब्लॉकच्या प्रश्नाला गेम तीन उत्तरं देतो: मोकळा, गाडी आहे, किंवा सांध्यांमुळे वाट अडलेली. दिवा जंक्शनला आज तिसरं उत्तर आलं. ‘गाडी आहे’ असं ते नव्हतं, म्हणून माझ्या ‘नाहीतर’मध्ये जाऊन पडलं आणि पिवळा लागला.

दुरुस्ती एका ओळीची. रात्री साडेबाराला केली. ब्लॉक नक्की मोकळा आहे, वाट याच गाडीसाठी लागलेली आहे, या गाडीनं सिग्नल मागितलेला आहे, हे सगळं खरं असेल तरच पुढचा विचार. यातलं काहीही कमी पडलं की लाल. आज माहीत नसलेलं चौथं उत्तर उद्या आलं, तरी लालच.

गुरुवार

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. सिग्नल खात्यात मेंटेनर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. लॅपटॉप उघडून दोन्ही स्क्रिप्ट दाखवल्या, आधीची आणि नंतरची. कोड त्यांना वाचता येत नाही, म्हणून मराठीत सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, ट्रॅक सर्किट असंच असतं की.”

मग कागदावर दोन रूळ काढले. रुळांतून सतत थोडी वीज वाहत असते, तिच्यावर एक रिले (विजेवर चालणारा स्विच) उचललेला राहतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, वीज तिथूनच परत फिरते, रिले पडतो, सिग्नल लाल. वायर तुटली, रूळ तुटला, बॅटरी गेली, तरी रिले पडतो आणि लालच लागतो. बिघाड आणि गाडी यांत सर्किट फरक करत नाही. तो करायचाच नसतो.

रात्री याचा इतिहास पुन्हा काढून वाचला. अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 साली सतत वीज वाहणाऱ्या या बंद सर्किटचं पेटंट घेतलं. पण त्याआधी त्यांनी केलेला पहिला प्रयोग उलटा होता: गाडी आली की सर्किट पूर्ण होणार आणि धोका दिसणार. त्यात वायर तुटली तर गाडी समोर उभी असूनही मार्ग मोकळा दिसला असता. हे ओळखून त्यांनी सगळी मांडणीच फिरवली. माझ्या बुधवारच्या दोन स्क्रिप्ट नेमक्या अशाच उभ्या होत्या, एक फिरवण्याआधीची आणि एक नंतरची. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी याच जागी अडखळून पुढे गेलंय, हे वाचून फार बरं वाटलं.

संध्याकाळी निघताना काकांनी विचारलं होतं, “दिवाच उडाला तर? ड्रायव्हरनं काय समजायचं?” मी म्हटलं, लाल. “बरोबर. आणि लालच दिवा उडाला असेल, तर त्याच्या मागचा सिग्नल लाल व्हायला पाहिजे. तुझ्या खेळात होतो का?” नाही होत. माझ्या खेळातले दिवे उडतच नाहीत. काका त्यावर काही बोलले नाहीत, चहा मात्र पुन्हा टाकला.

(त्यांच्या तोंडी अजून ‘ऑन’ म्हणजे लाल आणि ‘ऑफ’ म्हणजे गाडीला मोकळीक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उलटंच समजले होते.)

शनिवार

आज दिवसभर एकाच गोष्टीवर: ओव्हरलॅप.

आपल्याकडच्या स्वयंचलित सिग्नलमध्ये, पुढची गाडी पुढच्या सिग्नलच्या पलीकडे गेली एवढं पुरत नाही. तिचा शेवटचा डबा त्या सिग्नलपासून आणखी 120 मीटर पुढे गेल्यावरच मागच्या सिग्नलचा लाल जाऊन पिवळा लागतो. मागून येणाऱ्या गाडीचा ब्रेक थोडा कमी पडला, लालच्या पुढे घसरली, तर तिला तेवढी रिकामी जागा हवी. हे 120 मीटर गेमला ठाऊकच नाहीत. त्याच्या लेखी ब्लॉक सिग्नलपाशी सुरू होतो आणि पुढच्या सिग्नलपाशी संपतो.

ते सोडून दिलं असतं तरी फारसं कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण त्या 120 मीटरशिवाय तो डोंबिवलीचा सिग्नल नाही, नुसता रंगीत खांब आहे, असं मला मनापासून वाटतं.

उपाय दुपारी सुचला. प्रत्येक खऱ्या सिग्नलच्या पुढे 120 मीटरवर एक न दिसणारा सिग्नल रोवायचा. खांब नाही, दिवे नाहीत, फक्त स्क्रिप्ट. त्यामुळे ओव्हरलॅप हा स्वतंत्र ब्लॉक होतो आणि तो मोकळा आहे का, हे विचारता येतं. आता अडचण एवढीच की खऱ्या सिग्नलनं ही माहिती मागच्याला कळवायची कशी? गाडी ओव्हरलॅपमध्ये असो की त्याच्या पुढे, तो स्वतः लालच असतो.

इथे जुन्या भाषेचा उपयोग झाला. तिच्यात सिग्नलच्या आठ अवस्था आहेत आणि आपल्याला डोळ्यांना दिसणाऱ्या चारच लागतात: लाल, पिवळा (पुढचा लाल असेल), डबल पिवळा (पुढचा पिवळा असेल), हिरवा. लाल दाखवता येईल अशा दोन अवस्था मिळाल्या, ‘थांबा’ आणि ‘थांबून पुढे जा’. ओव्हरलॅपमध्ये गाडी असेल तर ‘थांबा’. ओव्हरलॅप मोकळा पण पुढे गाडी असेल तर ‘थांबून पुढे जा’. दोन्हींचा दिवा तोच लाल. मागचा सिग्नल मात्र पहिल्या लालवर स्वतःही लाल राहतो, आणि दुसऱ्यावर पिवळा होतो.

शिवाय ‘थांबून पुढे जा’ हे पांढऱ्या चकतीवर काळा ‘ए’ असलेल्या, म्हणजे स्वयंचलित, सिग्नलला चपखल बसतं. लाल असेल तर तिथं दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं आणि मग जपून, समोर बघत पुढे जायचं. गेम ती मिनिटं मोजत नाही. मी मोजते. एक तडजोड राहिली: पुढची गाडी ओव्हरलॅपमध्येच अडली तर माझी अवस्था ‘थांबा’ होते आणि टॅब दाबून परवानगी मागावी लागते. प्रत्यक्षात तसं नाही. पण ही चूक सुरक्षित बाजूला झुकलेली आहे, म्हणून तूर्त चालवून घेते.

संध्याकाळी सहाला गाडी चालवून पाहिली आणि हिरवा लागेचना. अख्खी लाईन रिकामी, तरी पिवळा, डबल पिवळा, पुन्हा पिवळा. मुंब्र्यापासून कोपरपर्यंत एकही हिरवा नाही. तीन तास स्क्रिप्टची ओळ न् ओळ तपासली. स्क्रिप्ट बरोबर होती. चूक दिव्यांच्या फायलीत, एका आकड्यात होती.

गाडीनं पुढचे किती सिग्नल आधीच मागून ठेवायचे, हा तो आकडा. माझा 4 होता आणि आजवर पुरत होता. पण आता प्रत्येक खऱ्या सिग्नलबरोबर एक अदृश्य सिग्नल आला होता, आणि गेम दोघांनाही मोजत होता. चार सिग्नल मागितले म्हणजे खरे दोनच मागितले. त्यापुढचे कुणी मागितलेच नाहीत, म्हणून लाल. आणि ते लाल, म्हणून मागचे पिवळे. आठ केला. कळव्याच्या पुढे पहिला हिरवा लागला तेव्हा पावणेदहा वाजले होते. आईनं आतून विचारलं, “काय झालं गं?” मी हसत होते, तिला ते तिथवर ऐकू गेलं.

रविवार

सकाळी कोपरला गेले. तिथं वसईच्या लाईनचा फलाट वर आहे, आणि खालून मुख्य मार्गाच्या लाईनी जातात. वरून खालचे रूळ लांबवर दिसतात.

एक धीमी लोकल खालून गेली. पहिला डबा सिग्नलपाशी पोचला आणि हिरव्याचा लाल झाला. मग वाट बघितली. शेवटचा डबा वळणाआड दिसेनासा झाला, तरी लालच. बऱ्याच वेळानं पिवळा झाला. म्हणजे आत्ता, मला न दिसणाऱ्या पुढच्या सिग्नलच्या पलीकडे, तिचं शेवटचं चाक 120 मीटर ओलांडून गेलं. घरी कोडमध्ये जे लिहिलं तेच समोर घडताना बघून अंगावर काटा आला. पुढे डबल पिवळा, मग हिरवा. तासभर उभी होते.

तिथंच एक लक्षात आलं. मध्ये दहा-बारा मिनिटं खाली एकही गाडी नव्हती, आणि मला दिसणारा तो ‘ए’ सिग्नल हिरवा होता. असणारच. स्टेशनचा होम (आत शिरण्याचा) किंवा स्टार्टर (बाहेर निघण्याचा) सिग्नल कुणी मागेपर्यंत लाल असतो, पण स्वयंचलित सिग्नलची नेहमीची स्थिती हिरवी. पुढचं ट्रॅक सर्किट, ओव्हरलॅप, पुढचा सिग्नल, हे सगळं तो क्षणोक्षणी तपासत असतो आणि सगळं ठीक आहे म्हणून हिरवा असतो. माझ्या गेममध्ये समोरच्या लाईनचे सिग्नल गाडी येईपर्यंत लाल उभे असतात. कारण बुधवारी रात्री मी ‘या गाडीनं सिग्नल मागितलेला आहे’ ही अट सगळ्यांना सरसकट लावून टाकली.

‘ए’ चकतीच्या सिग्नलांची वेगळी स्क्रिप्ट करायची आणि तिच्यातून तेवढी एक अट काढायची. ब्लॉक, ओव्हरलॅप आणि वाट या अटी तशाच ठेवायच्या. असे एकोणीस सिग्नल आहेत. आत्ता कळव्यापासून सुरुवात करते, दिवा स्टेशनपर्यंत तरी आज होतील.