पाच प्रश्न

आज नर्सिंगच्या वर्गात डब्ल्यूएचओ-५ ही जागतिक आरोग्य संघटनेची, मानसिक स्वास्थ्य मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. गेल्या 2 आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे पाचच प्रश्न. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, बेरजेला 4 ने गुणायचं. 50 किंवा त्याहून कमी आलं तर नीट चौकशी करायची. 'ताजंतवानं' वाचून सगळे हसले. वॉर्ड, लेक्चर, नाइट ड्यूटी... असो.

ताण इतर शाखांनाही असतो, पण त्यातल्या बहुतेकांना विशीत पेशंटचा मृत्यू समोर पाहावा लागत नाही. खटकलं वेगळंच. पेशंटला समुपदेशन पटवून देणारी ही मुलं स्वतः जायला तयार नाहीत. "मॅडम, नोकरीच्या वेळी कुणाला कळलं तर?" भीती अगदीच निराधार नाही, हे जास्त टोचतं. पुढची फेरी बिननावाची घेणार.